भाऊ कीबोर्ड

भिलाईत माणूस ओळखला जातो तो शिफ्टवरून. ए, बी, सी, नाहीतर जनरल. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते स्टील प्लांटची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव शिफ्ट बघून जेवतं, शिफ्ट बघून झोपतं आणि शिफ्ट विचारल्याशिवाय पाहुण्याला चहाचंही आमंत्रण देत नाही. अशा गावात एक गृहस्थ रात्री दोनला घरी येतो, पण तो बी शिफ्टचा नसतो. सकाळी अकराला उठतो, पण सी शिफ्टचाही नसतो. तो भाऊ कीबोर्ड.

कीबोर्ड हे त्याचं आडनाव नव्हे, पण निम्म्या भिलाईच्या मोबाइलमध्ये तेच लिहिलेलं आहे. त्याच्या वर ‘भाऊ कूलर’ आणि खाली ‘भाऊ केटरिंग’. तिघांचीही आठवण हंगामातच होते. असा भाऊ टाउनशिपच्या प्रत्येक सेक्टरमध्ये एकतरी सापडतोच. सेक्टर बदलला की कीबोर्डच्या जागी ढोलक किंवा ऑक्टोपॅड येतो, बाकी मजकूर तोच.

वडील रेल मिलमधून निवृत्त झालेले. देशभरच्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात ते लाटण्यात त्यांची हयात गेली; पोरगा तेवढा रुळावर आला नाही. खैरागढच्या संगीत विद्यापीठाची पदवी घेऊन भाऊ घरी आला तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “यात पीएफ कटते का?” त्यानंतर बापलेकांत नोकरीचा विषय निघाला नाही. निघायचं ते तीजनबाईंचं नाव. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई जवळच्याच गनियारीच्या. त्यांना स्टील प्लांटनं नोकरी दिली, 2019 मध्ये सरकारनं पद्मविभूषण दिलं. भाऊ हे उदाहरण कलेची महती सांगायला वापरतो आणि वडील नोकरीची.

भाऊला सुटी नाही असं कोण म्हणतं? त्याच्या हजेरीचं रजिस्टर म्हणजे पंचांग. देवउठनी एकादशीला दुकान उघडतं, मधे खरमास आला की महिनाभर शटर खाली. पुढे अक्ती, म्हणजे आपली अक्षय तृतीया. त्या दिवशी छत्तीसगडात इतकी लग्नं लागतात, की ज्याला फक्त टाळी वाजवता येते तोही ‘आर्टिस्ट’ ठरतो. मग आषाढात देव झोपले की भाऊही झोपतो. उठतो तो थेट गणपतीत. प्लांटच्या माणसाला रिटायरमेंटला किती वर्षं उरली ते तोंडपाठ असतं. भाऊला पुढच्या पाच वर्षांतले अधिक महिने.

प्लांटनं देशभरची माणसं इथे आणून वसवली, त्याचा खरा फायदा भाऊला झाला. दुर्गापूजेत तो बंगाली असतो, ओणमला मल्याळी, लोहडीला पंजाबी, दोन्ही नवरात्रांत देवीची जसगीतं वाजवणारा पक्का छत्तीसगडी. एकाही भाषेत त्याला धड पाणी मागता येत नाही, पण अंतरा कुठे संपतो ते सगळ्या भाषांत कळतं. त्याचा राग एकाच गोष्टीवर: धुमाल. ट्रकवर बेंजो, पॅड, नगारे आणि भिंतीएवढे स्पीकर चढवून निघणाऱ्या या ताफ्यानं वरातीतलं संगीत मारलं, असं तो तावातावानं सांगतो. हात फारच तंग असला की टोपी खाली ओढून, तोंडाला रुमाल बांधून त्याच ट्रकवर एका कोपऱ्यात उभाही राहतो. ओळखलंत तरी हाक मारायची नाही.

भाऊची खरी कला मात्र कार्यक्रम संपल्यावर दिसते. दहाला लाउडस्पीकर बंद. कीबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळायचा, स्कूटीच्या पायदानात उभा करायचा, पण किल्ली फिरवायची नाही. कारण पाकीट ज्याच्याकडे असतं तो खजिनदार नेमका याच वेळी नाहीसा होतो. भाऊ जेवणाच्या मांडवात जात नाही; तिथे सगळे शोधतात. तो जनरेटरपाशी जाऊन उभा राहतो. जनरेटरवाल्याचेही पैसे बाकी असतात आणि तो वीज तोडू शकतो. खजिनदाराला शेवटी तिथे यावंच लागतं.

इतक्या वर्षांत त्याला एक नियम सापडलाय: नातं जितकं जवळचं, पाकीट तितकं पातळ. अनोळखी मारवाडी लग्नात ठरलेले पैसे आणि वर शेवटच्या गाण्याची बक्षिसी. आपल्या मराठी गणपतीत शाल, श्रीफळ, एकवीस मोदक आणि “तू तर घरचाच!” त्याच्या कपाटात चौदा शाली आहेत. भिलाईत थंडी पडते दीड महिना.

त्याला कमीपणा आणायचा असेल तर दाऊ रामचंद्र देशमुखांचं नाव काढावं. दुर्गजवळच्या बघेऱ्याच्या या मालगुजारानं 1971 मध्ये पदरचे पैसे ओतून ‘चंदैनी गोंदा’ उभा केला आणि छत्तीसगडी लोककलेला रंगमंच दिला. “दाऊजींना पदर होता,” भाऊ म्हणतो, “मले तर हप्ता आहे.” 2020 ची अक्ती लॉकडाउनमध्ये गेली, तेव्हा सेक्टरभर पगार झाले आणि भाऊचा चांगला कीबोर्ड विकला गेला. त्या वर्षाबद्दल तो विनोद करत नाही. दुसरा, जुना घेतला; त्याचा एक ‘सा’ दाबला जात नाही. त्या स्वरात तो गाणं घेतच नाही आणि गायकाला सांगतो, “तुझ्या गळ्याला ही पट्टी शोभत नाही.”

आता मात्र दिवस फिरलेत. प्लांटमधली पक्की माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागी ठेकेदारांची आली. शेजारचं पोरगं डिप्लोमा करून त्याच प्लांटात लागलं, पण ठेक्यावर. परवा ते भाऊच्या ओट्यावर येऊन बसलं. ठेका संपला, नवा निघायला दोन महिने. घर कसं चालवायचं?

भाऊनं मांडी घातली. अ‍ॅडव्हान्स हातात पडला की आधी किराणा भरायचा, मग उधारी. किराणेवाला असा धरायचा ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे. ‘काम नाही’ असं कधी म्हणायचं नाही, ‘तारीख बघून सांगतो’ म्हणायचं. पैसे मागायचे ते समोरच्याच्या पाहुण्यांदेखत, आणि हसत. वडील आत टीव्ही बंद करून ऐकत होते. पस्तीस वर्षं पगार घेतलेल्या माणसाला यातलं एकही कलम ठाऊक नव्हतं.

पोरगं उठलं, पाया पडलं. भाऊ म्हणाला, “आणि आमची फी?”

“काय भाऊ,” पोरगं म्हणालं, “तुम्ही तर घरचेच!”