एकदा भेटा, खात्रीशीर!

रुळांकडेच्या भिंतींनी मराठी पुरुषाचे जेवढे आरोग्यशिक्षण केले, तेवढे कुठल्याही सरकारी खात्याने केले नसेल. 'शीघ्रपतन? एकदा भेटा!' आणि खाली मोबाइल नंबर. अशा जादुई इलाजांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ सालीच झाला. पण कायदा सावकाश चालतो, चुना लगेच लागतो. तत्परता पाहायची तर १९३४ सालची पाहा. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात सरळ उत्तरे छापली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला भरला गेला, आणि वकील बाबासाहेब आंबेडकर असूनही दंड झालाच.

तंबूतल्या खानदानी हकिमाचे खरे भांडवल जडीबुटी नव्हे, गिऱ्हाइकाची लाज. गुडघेदुखीची फाइल चारचौघांत उघडणारा आपला माणूस या तक्रारीसाठी मेडिकलच्या काउंटरवर जातो, मागे बाई उभी दिसली की "तुम्ही घ्या आधी" म्हणतो आणि शेवटी खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी येतो.

त्यात मित्रांच्या 'अर्धा तास टिकतो'च्या बढाया! पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या जोडप्यांचा कारभार ५.४ मिनिटांच्या आतच आटोपत होता. मित्र बहुधा चहापाणी धरून मोजतात.

पहिल्यापासून, जवळजवळ दर वेळी, मिनिटभरातच आटोपते, आवरता येत नाही आणि त्याचा मनस्ताप होतो, असे असेल तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आधी सुरळीत असून पुढे वेळ तीन मिनिटांच्या आत आला, तरी दाखवून घ्यावे. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्या तो क्षण लांबवतात. पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन या मूळच्या नैराश्यावरच्या. घेणारे "फार उशीर होतो" म्हणून कुरकुरले. एकाची तक्रार, दुसऱ्याचा इलाज! या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. डॅपॉक्सेटिन त्याच कुळातली, पण एक ते तीन तास आधी घ्यायची. मळमळ, चक्कर येऊ शकते. दारूबरोबर नको, हृदयविकारात नको, नैराश्याची गोळी चालू असेल तर मुळीच नको. म्हणून डॉक्टरची चिठ्ठी हवी, मित्राची उरलेली पट्टी नव्हे.

बधिर करणारे मलमही असते. ते लावून, थोडे थांबून पुसायचे. घाईत पुसायचे राहिले, तर बायकोही बधिर होते आणि घड्याळाकडे बघायची जबाबदारी दोघांवर येते.