पहिल्या पंधरांत, पण चोविसांत नाही

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये दर फेब्रुवारीत ऑल-स्टार नावाचा सोहळा असतो. पूर्व विभागाचे बारा आणि पश्चिमेचे बारा असे चोवीस तारे निवडायचे, ही जुनी रीत. यादी लागली की यादीतल्यांचं कौतुक संध्याकाळपर्यंत टिकतं. त्यानंतर दोन आठवडे चर्चा कोणाला डावललं याचीच.

यात आपला काय संबंध, असं एखादा सुज्ञ वाचक विचारील. संबंध आहे, आणि तो थेट अस्मितेचा आहे. सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. रणदिवे आडनावाच्या माणसाच्या संघावर अन्याय होतो आणि मराठी सदरलेखक हाताची घडी घालून बसतो, हे आम्हाला शोभणार नाही. शिवाय २०१९ च्या ऑक्टोबरात हे किंग्ज वरळीला येऊन इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळून गेले. तेव्हा किंग्जकडे डी'अॅरन फॉक्स होता आणि समोर पेसर्सकडे डोमान्टास साबोनिस हा लिथुएनियन गडी. पुढे साबोनिसही रणदिव्यांच्याच संघात आला. दोघांनीही वरळीचं पाणी चाखलेलं आहे. (बाटलीतलं असेल, पण वरळीचंच.)

तर २०२३-२४ च्या मोसमात या साबोनिसने सलग ६१ सामन्यांत डबल-डबल केलं, म्हणजे प्रत्येक सामन्यात किमान दोन खात्यांत दहाचा आकडा गाठला. रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यात, तो अख्ख्या लीगमध्ये पहिला. फॉक्स चेंडू हिसकावण्यात पहिला. पश्चिमेच्या बारांत दोघांचंही नाव नाही! पुढे मोसम संपला आणि पत्रकारांनी वर्षातले सर्वोत्तम पंधरा खेळाडू निवडले, त्यात साबोनिस आहे. म्हणजे हा माणूस देशातल्या पहिल्या पंधरांत बसतो, पण पहिल्या चोविसांत बसत नाही. आमचं गणित शाळेपासून कच्चं. जाणकारांनी खुलासा करावा.

खुलासा करणाऱ्यांनी रॉड स्ट्रिकलंडपासून सुरुवात करावी. १९९७-९८ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळताना त्याने सामन्यामागे १०.५ असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त. मोसमाअखेर पत्रकारांनी त्याला दुसऱ्या संघात घेतलं, म्हणजे पहिल्या दहांत. ऑल-स्टार सामना त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता. स्ट्रिकलंड न्यूयॉर्कच्याच ब्राँक्सचा. कार्य दारात, सगळ्या गावाला आमंत्रण, आणि घरच्या माणसालाच अक्षत नाही. पुढेही ती कधी आली नाही.

निवडीची पद्धत मात्र निर्दोष आहे. विभागातले पहिले पाच ठरवण्यात जनतेचा हात मोठा. जनता किती डोळस असते बघा: २०११ मध्ये चीनचा याओ मिंग मोसमात फक्त पाच सामने खेळून जायबंदी झाला होता, तरी भरघोस मतांनी निवडून आला. २०१६ मध्ये जॉर्जियाचा झाझा पाचुलिया सुमारे १४ हजार मतांनी हुकला. (हे जॉर्जिया म्हणजे तिबिलिसीवालं, अटलांटावालं नव्हे.) हाडाचा कष्टाळू माणूस, धक्के देण्यात आणि खाण्यात वाकबगार, तारा असल्याचा आरोप त्याच्यावर त्याच्या शत्रूंनीही केला नव्हता. लीगवाल्यांना घाम फुटला. पुढच्याच वर्षी नियम आला: जनतेचं मत निम्मं, उरलेलं निम्मं खेळाडू आणि पत्रकारांत सारखं वाटलेलं. त्या वर्षी पाचुलियाला १५ लाखांहून जास्त मतं पडली. अख्ख्या जॉर्जियाची लोकसंख्या ४० लाखांच्या आत. निष्ठा असावी तर अशी. नव्या नियमाने तो घरी बसला आणि लोकशाही वाचली. २०२५ मध्ये पूर्वेच्या गार्डमध्ये जनतेची सर्वांत जास्त मतं लामेलो बॉलला पडली, आणि तोही घरी बसला. लोकशाही आता फारच वाचू लागली आहे.

राखीव सात नावं प्रशिक्षक ठरवतात. स्वतःच्या खेळाडूला मत द्यायची त्यांना बंदी. म्हणजे मोसमभर ज्यांच्या नाकी नऊ आणले, त्यांच्याकडेच शिफारशीसाठी जायचं.

या साऱ्यात आमचा खरा जीव तुटला तो रूडी गोबेरसाठी. सात फूट एक इंच उंचीचा हा फ्रेंच गडी आदल्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू होता. २०१९ च्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पत्रकारांसमोर तो उभा राहिला, सकाळी आईचा फोन आला होता आणि ती रडत होती, एवढं सांगितलं, आणि पुढे त्याला शब्दच फुटेना. लोकांनी त्याची टिंगल केली. आम्ही करणार नाही. आम्हाला फक्त एवढंच नवल वाटतं, की बचावात हयात घालवलेल्या माणसाने नेमक्या त्या सामन्यासाठी रडावं, ज्यात बचाव करणं असभ्य मानतात. त्या वर्षीचा निकाल १७८-१६४. २०२४ मध्ये तो २११-१८६ वर गेला. समोरचा धावत आला की अदबीने बाजूला व्हायचं आणि त्याने चेंडू टोपलीत घातला की हसायचं. २०२३ मध्ये त्यातल्याच एका संघाचे प्रशिक्षक मायकल मलोन यांनी सामना संपल्यावर सांगून टाकलं, की आजवर खेळला गेलेला हा सर्वांत वाईट बास्केटबॉल सामना. गोबेर रडला त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, निवडला गेला. आईचा जीव भांड्यात पडला असेल.

म्हणजे बचाववाल्यांना हे दार अवघड, गुण काढणाऱ्यांना सोपं, असं कोणी समजेल. तसंही नाही. जमाल क्रॉफर्डने कारकिर्दीत १९,४१९ गुण काढले. त्याची चूक एवढीच, की बराच काळ तो बाकावरून उठून खेळला, आणि बाकावरच्या माणसाला तारा म्हणायची पद्धत नाही. बाकावरचा सर्वोत्तम म्हणून मात्र तीनदा बक्षीस दिलं: २०१०, २०१४, २०१६. ऑल-स्टार एकदाही नाही. एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, फिनिक्सच्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात तो बाकावरून उठला आणि ५१ गुण काढून परत आला. त्यानंतर सव्वा वर्ष कुठल्याही संघाने त्याला करार दिला नाही.