तडेसर

प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात एक तडेसर असतात. मेकॅनिकलच्या नाहीतर मेटलर्जीच्या इमारतीत, जिन्याखालच्या लॅबमध्ये, नमुने ओढून तोडणाऱ्या यूटीएमच्या शेजारी ते सापडतात. आमच्या सोसायटीतले तडेसर त्यांपैकीच. त्यांचं खरं आडनाव आता फक्त लेटरबॉक्सवर उरलंय.

वस्तू घेताना आपण ती दिसते कशी ते बघतो. तडेसर ती कुठून तुटेल ते बघतात. खिशात पेनाशेजारी भिंग आणि रुमालात गुंडाळलेला एक तुटका बोल्ट. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते मठ्ठ्याची वाटी बाजूला सारून तो बोल्ट पुढे करतात. ‘‘ही कडेची खाच दिसते? इथून सुरुवात. मग तडा रोज थोडा थोडा आत सरकला, त्याच्या या गोलसर रेषा. आणि हा खडबडीत तुकडा शेवटच्या क्षणाचा. एवढाच धातू शिल्लक होता, तो एका झटक्यात गेला.’’ समोरच्याच्या हातातली जिलबी तशीच राहते. घरचं कुणी गेल्यासारखा चेहरा करून तो माणूस विचारतो, ‘‘अरेरे! कधी झालं हे?’’

त्यांच्या न्हाणीघरातली प्लॅस्टिकची बादली मात्र बघण्यासारखी आहे. तिला चीर पडली तेव्हा सरांनी चिरेच्या टोकाला ड्रिलनं गोल भोक पाडलं. टोक अणकुचीदार असतं, सगळा ताण तिथे साचतो. भोकामुळे तो पसरतो आणि तडा थांबतो. विमानाच्या पत्र्यालाही तात्पुरता हाच इलाज करतात. बादली आता भोकातून गळते.

‘‘पण तडा मिलिमीटरभर सरकलेला नाही,’’ सर सांगतात.

‘‘अहो, आणि पाणी?’’ काकू विचारतात.

‘‘पाणी हा वेगळा विषय आहे.’’

विमानात तर त्यांच्या शेजारी बसूच नये. उड्डाण होताच ते खिडकीच्या गोल कोपऱ्यावरून बोट फिरवतात आणि 1954 सालच्या कॉमेट विमानांवर येतात. उंचीवर गेलं की विमान आतल्या हवेनं किंचित फुगतं, उतरलं की बसतं. असं फुगून-बसून पत्रा थकला आणि दोन विमानं आकाशातच फुटली. मग इंग्लंडात फार्नबरोला एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, फुगवून-फुगवून फोडलं, तेव्हा कारण कळलं. ‘‘लोक नुसतं खिडक्या-खिडक्या करतात,’’ सर इथे जरा चिडतात, ‘‘पण समुद्रातून काढलेल्या अवशेषांत तडा छतावरच्या अँटेनाच्या झरोक्यापाशी होता!’’ एवढ्यात शेजारचा प्रवासी हवाईसुंदरीला बोलावून दुसरी जागा मागतो. सरांना वाटतं, त्याला पाय लांब करायचे असतील.

त्यांच्याकडे पालक येतात ते जून-जुलैत. प्रश्न एकच: ‘‘सर, याला स्कोप आहे का?’’

स्कोप म्हटलं की सरांची कळी खुलते, कारण त्यांच्या डोक्यात स्कोप म्हणजे न सुटलेले प्रश्न. हायड्रोजनवर गाड्या चालवायच्या, पण तोच हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, त्याचं काय? बॅटरीत सिलिकॉन वापरावं तर चार्ज होताना ते फुगून तिप्पट-चौपट होतं आणि स्वतःलाच तडे पाडून घेतं. थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं धातूचं पातं किती वर्षं टिकेल, हे छातीठोकपणे कोण सांगणार? थंडीत पहाटे रूळ आकसतो, त्याला तडा जातो आणि लोकल खोळंबतात. तो तडा आदल्या रात्रीच का सापडू नये?

‘‘म्हणजे पॅकेज किती?’’ गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी मध्येच विचारलं.

सर प्रामाणिक. पीएचडीला जेआरएफचे महिना 37,000 रुपये आणि वर घरभाड्याचा भत्ता मिळतो, हे त्यांनी सांगितलं. पुढे बेंगळुरूची एनएएल आहे, इस्रो आहे, डीआरडीओच्या लॅब आहेत, पुण्यातच एआरएआय आहे, हेही सांगितलं. इथे थांबले असते तर मुलगी पदरात पडली असती. पण धीर द्यावा म्हणून त्यांनी पॉल पॅरिसची गोष्ट काढली. तडा किती वेगानं वाढतो याचं गणित त्यानं मांडलं, आणि मोठमोठ्या जर्नलांनी त्याचा निबंध परत पाठवला. शेवटी 1961 साली तो एका विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. आज विमानाची पुढची तपासणी कधी करायची, हे त्या गणिताच्या आधारानं ठरवतात!

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलीला कॉम्प्युटरला घातलं.

मला तडेसरांची कीव येत नाही, पालकांचीही नाही. न तुटलेल्या पुलाचे पैसे कुणाकडे मागायचे, हा खरा पेच आहे. पूल उभा राहिला तर फीत कापतात, पडला तर चौकशी समिती नेमतात. मधली पन्नास वर्षं तडेसरांची, आणि त्या वर्षांना हेडलाइन नसते.

परवा रात्री अकराला त्याच वडिलांचा फोन आला. नव्या फ्लॅटच्या बीमला तडा गेला होता. मी तिथेच बसलो होतो. सरांचा आवाज एकदम डॉक्टरी झाला.

‘‘मधोमध आहे की खांबाजवळ? खांबाजवळ. बरं. उभा की तिरका?’’

तिरका निघाला. सर उठून उभे राहिले.

‘‘टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारा, आजची तारीख घाला. त्या खोलीत आज कुणी झोपू नका. आणि सकाळी पहिल्यांदा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा, चांगला जाणकार बघून.’’

‘‘असा माणूस लगेच मिळेल ना हो, सर?’’

‘‘कठीण आहे,’’ सर भिंग पुसत म्हणाले. ‘‘बरेचसे कॉम्प्युटरला गेलेत.’’