रा. रा. सिव्हिअर साहेब यांस

मुक्काम पोस्ट इंग्रजी शब्दकोश.
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, हल्ली आपण नेमक्या कुठल्या खात्यात असता तेच कळेनासं झालंय. हवामान खात्यात आपण, सार्वजनिक आरोग्यात आपण, महसुलात आपण, आणि फॅशनच्या मासिकात चापूनचोपून बांधलेल्या अंबाड्यावर शेरा मारायलाही आपणच. एवढे अतिरिक्त कार्यभार आमच्या तहसीलदारांकडेही नसतात.

घराणं मोठं, हे कबूल. आपण लॅटिन ‘सेव्हेरस’चे वंशज. हे नाव मिरवणारा सेप्टिमिअस सेव्हेरस इ. स. 193 ते 211 रोमचा सम्राट होता, आणि मेला तोही ब्रिटनमध्येच, यॉर्कला. आपण स्वतः मात्र इंग्रजीत उतरलात सोळाव्या शतकात, फ्रेंचांच्या वशिल्यानं. तेव्हा काम बेताचं होतं: कडक न्यायाधीश, कडक मास्तर. मग थंडी आली, दुखणं आलं, टीका आली. बिनदागिन्याचा काळा झगा आणि बिननक्षीची भिंतसुद्धा आपण ताब्यात घेतलीत. साधेपणाची नोंद जुलमाच्या वहीत करायची, ही अक्कल आपलीच.

इथवर आम्ही सोसलं असतं. पण आपण वर्णन करायचं सोडून दाखले वाटायला बसलात, आणि दर खिडकीवर आकडा वेगळा!

अमेरिकेत गडगडाटी वादळाला आपलं नाव मिळवायचं तर वाऱ्यानं ताशी 93 किलोमीटर गाठावेत, किंवा गार एक इंचाची पडावी. 2010 पूर्वी पाऊण इंचाच्या गारेवरही भागत असे. मग आपला भाव वाढला. विजा कितीही पडोत, त्या आपल्या हिशेबात नाहीत. ज्याच्या अंगावर वीज पडली त्यानं कुठल्या विशेषणाकडे दाद मागायची?

आमच्याकडे 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते आपल्याच दर्जाचं चक्रीवादळ म्हणून. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. पोफळीचं झाड काही पुढच्या हंगामात उभं राहत नाही. बागाईतदाराची वर्षंच्या वर्षं गेली. आणि भारतीय हवामान विभागाच्या उतरंडीत आपण कितवे? सातांत चौथे. ताशी 89 ते 117 किलोमीटर म्हणजे आपण. त्यावर ‘व्हेरी’ लावलेले आपण, त्यावर ‘एक्स्ट्रीमली’ लावलेले आपण, आणि सगळ्यांवर ‘सुपर’. म्हणजे श्रीवर्धनकरांनी जे भोगलं, ते मधल्या पायरीचं.

हवेच्या गुणवत्तेत मात्र आपण एकदम शेंड्यावर. निर्देशांक 400 पर्यंत हवा नुसती ‘फार वाईट’. 401 झाला की आपली स्वारी हजर. दिल्लीकरांच्या छातीला 399 आणि 401 मधला फरक कळत नाही, हा दोष अर्थातच छातीचा.

महसुलात तर आपल्या शेऱ्यावर पैसा हलतो. 2023 च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्रानं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला: 24 ‘गंभीर’, 16 ‘मध्यम’. केंद्राच्या आपत्ती निधीपर्यंत पोचायचं तर आपलीच सही लागते. मध्यम तालुक्यातल्या कोरड्या विहिरीनं आपला कोरडेपणा मध्यम ठेवायचा, एवढीच अपेक्षा असावी.

2020 मध्ये आपण करोनाच्या विषाणूच्या नावातच जाऊन बसलात. नाव इतकं भीतिदायक की जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांशी बोलताना ते टाळलं. गंमत अशी की या विषाणूची ज्यांना लागण झाली, त्यांतल्या बहुतेकांचा आजार ‘सौम्य’ निघाला.

एका जागी मात्र आपल्याला शिव्या देताना हात आखडतो. अंगणवाडीत पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाला फीत लावतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली माप आलं की फीत लाल, आणि पोर आपल्या नावे: तीव्र कुपोषित. त्या एका शेऱ्यामुळे पोराकडे डॉक्टरचं लक्ष जातं, खास आहार सुरू होतो. शेजारच्या पोराचा दंड एक-दोन मिलिमीटरनं जाड. तो पिवळ्या पट्ट्यात, मध्यम. त्याच्या आईला हे काय सांगायचं, ते मात्र आपण अंगणवाडीताईवर सोडून मोकळे.

तेव्हा विनंती एकच. यापुढे कुठेही हजर होताना गळ्यात ओळखपत्र घालत चला: खातं कुठलं, आकडा किती, आणि आपल्या वर अजून किती साहेब बसलेत.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक मध्यम तीव्रतेचा वाचक