भाऊंची तार

कोकणातल्या प्रत्येक वाडीत एक भाऊ असतात. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे दादा. पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सायकलच्या चाकाची तार दिसली की समजावं, हेच ते. तारेचं एक टोक गळासारखं वाकवलेलं असतं. मासे त्यांनी जन्मात पकडलेले नसतात. ते झाडाच्या पोटातली अळी धरतात.

आमचे भाऊ पोस्टात होते. लोकांच्या दारात न बोलावता जायची सवय तिथलीच. येतात चहाला, पण चपला काढायच्या आधी नजर कलमाच्या बुंध्याकडे. तिथे चिमूटभर भुसा दिसला की चेहरा एकदम उजळतो.

"कधीपासून पडतोय?"

छातीत कधीपासून दुखतंय, असं डॉक्टर ज्या स्वरात विचारतात, तोच स्वर. एकदा आमच्या हिने सकाळीच खळं झाडून काढलं होतं. "वहिनी, तुम्ही पुरावाच नष्ट केलात!" म्हणून भाऊ असे हळहळले की तिने केरसुणीच लपवली. भुसा ओला आणि ताजा असेल तर अळी आत आहे, सुका आणि जुना असेल तर बहुधा नाही, हे शास्त्र. भाऊ तो बोटावर घेऊन चुरगाळतात, हुंगतात. चाखत नाहीत, एवढंच.

मग खोडाला कान. "ऐका, कुरतडतेय." मी कान लावतो. मला शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो.

आंब्याला लागते ती भिरुडाची अळी. लांब मिशांचा भुंगेरा सालीच्या खाचेत अंडी घालून उडून जातो आणि पोरं झाडाच्या जिवावर वाढतात. "बापानं संसार मांडला आणि भाडं कलमानं भरायचं," भाऊ म्हणतात. पाय नसलेली, पिवळट पांढरी अळी महिनोन् महिने आत पोखरत राहते. वाढली की चांगली आठ-नऊ सेंटिमीटर भरते. दापोलीला कृषी विद्यापीठ 1972 साली झालं. भाऊंच्या मते भिरूड त्याच्या आधीपासून आहे, आणि आपणही.

शस्त्रक्रियेला गर्दी लागते. निदान चार माणसं जमल्याशिवाय खिशातली तार बाहेर येत नाही. भोक साफ करायचं, तार हलक्या हाताने सरकवायची, कुठे मऊ लागतं ते बघायचं आणि गळ फिरवायचा. अळी निघाली तर ठीक. नाही निघाली तर पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा आत कोंबून वर चिखलाने लिंपायचं. पेट्रोल माझ्या स्कूटरचं, कापूस देवघरातल्या वातींचा, चिखल आमच्याच अळ्यातला. भाऊंचं म्हणाल तर फक्त श्रेय. गेल्या खेपेस अख्खी अळी निघाली. फणसाच्या पानावर ठेवून ती चार घरी दाखवायचा बेत होता, तेवढ्यात आमच्या कोंबडीने मटकावली. भाऊ दोन दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत.

परसातलं वांगं हे त्यांचं किरकोळ काम. शेंड्याने मान टाकली की ही पाणी घालते. "तहान नाही हो वहिनी, आत भाडेकरू आहे!" म्हणत भाऊ कोमेजल्या भागाच्या थोडं खालून शेंडा खुडतात, नखाने चिरतात आणि आतली गुलाबीसर अळी दाखवतात. हिने एकदा ते शेंडे खताच्या खड्ड्यात टाकले. भाऊंनी ते एकेक वेचून काढले आणि आमच्या बंबात घातले. त्या दिवशी माझी आंघोळ वांग्याच्या धुरात झाली.

खरी पंचाईत निरोगी झाडाची. गेल्या वर्षी आमच्या नव्या कलमाला त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, साल ठोकली, फांदीची बेचकी चाचपली. काही नाही. "चांगलं आहे," असं ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात पोरगा नापास झाल्याचं सांगतात.

एकाच किड्यापुढे भाऊ गप्प होतात. माडाचा सोंड्या भुंगा. त्याची अळी आतून पोखरत असते आणि बाहेर कळतं तेव्हा बहुतेक वेळा शेंड्याची सुई झुकलेली असते. तिथे तार पोचत नाही. त्यांच्या दारचा, वडिलांनी लावलेला माड असाच गेला. त्या जागेवर ते अजून खुर्ची टाकत नाहीत, आणि त्याबद्दल आम्ही कोणी विचारत नाही.

आता कबूल करतो. परवा पुण्याला मेव्हण्याकडे गेलो होतो. त्याच्या अंजिराच्या बुंध्याशी भुसा दिसला आणि मी चपला काढायच्या आधी विचारलं, "कधीपासून पडतोय?" मेव्हणीने लगेच झाडू आणला. मी ओरडलोच.

तर तुमच्याही झाडाखाली भुसा दिसला, तर कृपा करून झाडू नका. तुमच्या वाडीतले भाऊ येईपर्यंत राहू द्या. आणि कोंबड्या तेवढ्या कोंडून ठेवा.