भित वल्ली झाली काय?

(रंगमंचावर एक स्टूल. मागे फिकट राखी भिंत, तिच्यावर त्याच राखी रंगाची चमकदार वेलबुट्टी. नट भिंतीकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहतो.)

मंडळी, रिठदमध्येच काय, अख्ख्या रिसोड तालुक्यात वास्तुशांतीला तीन गोष्टी ठरलेल्या. सत्यनारायण, बुंदी आणि दाजी. दाजी जेवून उठतात, हॉलच्या भिंतीपाशी जातात आणि नखानं खरवडतात. (दाजींच्या आवाजात) "काहून बाप्पा, भित वल्ली झाली काय?" घरमालकानं त्या भिंतीला पुट्टी केलेली, प्रायमर मारलेला, मॅटचे दोन हात दिलेले आणि वर त्याच शेडच्या चमकदार रंगात स्टेन्सिलची नक्षी काढलेली. दाजींना दिसते ओल! माझं म्हणणं उलट आहे. आपल्याकडच्या घराला शोभेल अशी नक्षी एकच, रंगावर तोच रंग.

आधी ओलीचा आरोप निकालात काढू. ओल जोत्यातून चढते नाहीतर स्लॅबमधून उतरते, लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि तिचं एक फूल दुसऱ्यासारखं कधी नसतं. स्टेन्सिलचं फूल दर हातभर अंतरावर तेच. एवढं शिस्तीत पाणी आपल्याकडे नळालासुद्धा येत नाही. मॅट रंग उजेड चहूकडे विखरून टाकतो, चमकदार रंग तो एकाच दिशेला परत फेकतो. म्हणून खिडकीतून तिरपा उजेड आला की वेल उठून दिसते आणि समोरासमोर ट्यूबलाइट ठोकली की गडप होते. यात नक्षीचा काय गुन्हा? गुन्हा असलाच तर "करून टाकू ना भाऊ" म्हणणाऱ्या रंगाऱ्याचा. स्टेन्सिलचा ब्रश जवळजवळ कोरडा लागतो, जादा रंग आधी कागदावर पुसून काढायचा असतो. हा पठ्ठ्या निथळता ब्रश थोपतो, रंग साच्याखाली झिरपतो आणि कमळाची पानकोबी होते. ओळंबा तर त्याच्या पिशवीत फक्त वजनाला. पहिलं फूल तिरकं बसलं की वेल कोपऱ्यात पोचेपर्यंत घरच कललंय असं वाटतं.

(दाजी) "दिसत नाही त्याले पैसा कायले लावा?" मुद्दा बिनतोड वाटतो, पण दाजींच्या अंगाकडे बघा. लग्नसराईत दाजी घालतात पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याचं लखनवी चिकन. साडीच्या दुकानात वहिनी सेल्फ डिझाइनची मागतात आणि साध्या साडीपेक्षा जास्त पैसे मोजतात. तिथं कोणी विचारतं का, "काहून दाजी, सदरा वल्ला झाला काय?"

(दाजी, आता इतिहासावर) "वाशीमच्या राजाच्या काळात अजिंठा रंगला, अन् तुम्ही भित अशी कोरी ठेवता?" शाबास! हे खरं आहे. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात तिथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. पण दाजी, अजिंठ्यात लोक भिंत बघायला जातात. आपल्या हॉलमध्ये भिंतीवर कालनिर्णय आहे, टीव्ही आहे, लग्नात आलेली तीन घड्याळं आहेत, त्यातलं एक चालू. वराहदेवाच्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. केंद्राच्या आवास योजनेतल्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा असते; तेवढ्यात लालावर सोनेरी मोर नाचवलात तर माणसांनी बसायचं कुठं? तोच रंग भिंतीला मागं ठेवतो, खोली मोकळी ठेवतो.

आणि ही शहरातून आलेली फॅशन आहे, असं कोणी म्हणू नये. ओटा शेणानं सारवताना बाया बोटांचे अर्धगोल फराटे काढतात, एकाला लागून दुसरा. शेणावर शेण, रंग तोच. सकाळचं कोवळं ऊन आडवं आलं की ते फराटे दिसतात, ऊन वर चढलं की मिटतात. चार दिवसांनी पुन्हा सारवायचं, पुन्हा काढायचे. सारवून काम भागतं, फराट्यांची गरज नसते. तरी काढतात. त्याचे कोणी पैसे दिले नाहीत, खाली कोणी नाव लिहिलं नाही. आजचा स्टेन्सिल त्या हातांच्या मागून आलाय, आणि त्यांच्याइतका सफाईदार अजूनही नाही.

(शांतता. मग एकदम दाजी) "हाव, पण शेणाले वल्लं तं म्हनता येते ना!"

(सुस्कारा) तेव्हा मंडळी, स्टेन्सिल काढायचाच असेल तर खिडकीच्या काटकोनातली भिंत धरा, ट्यूबलाइट बाजूला हलवा, कालनिर्णयचा खिळा दुसरीकडे ठोका. आणि दाजींचं तेलकट बोट मॅटवर पडू देऊ नका, चमकदार फुलावर पडू द्या. फूल ओल्या फडक्यानं पुसता येतं, मॅटवरचा डाग जात नाही.