१९०५ सालची विक्री

आमच्या ऑफिसात ग्राफ बिघडला की मला बोलावतात. "मॅडम, जरा बघता का?" हे शब्द कानावर पडले तरी मी लगेच उठत नाही. हातातलं काम संपवते, काम नसेल तर चष्मा पुसते, आणि मग त्या स्क्रीनपाशी जाऊन काही न बोलता उभी राहते. हे न बोलणं फार महत्त्वाचं. चुटकीसरशी होणारी दुरुस्ती चुटकीसरशी केली तर आपल्याला विचारणार कोण?

दुखणं बहुधा एकच असतं. पहिल्या कॉलमात सालं, दुसऱ्यात लाखांतली विक्री. दोन्ही सिलेक्ट करून लाइन चार्ट घातला की खाली सालांच्या जागी १, २, ३, ४ उमटतात आणि विक्रीची रेघ तळाशी चिरडलेली दिसते. कारण वर, दोन हजारांच्या उंचीवर, सरकारी नोकरीत चिकटल्यासारखी आणखी एक रेघ जात असते. ना चढ, ना उतार. ती रेघ म्हणजे आपली सालं. एक्सेलच्या दृष्टीने साल काय आणि विक्री काय, दोन्ही आकडेच. मग 'सिलेक्ट डेटा'त शिरायचं, डावीकडून सालांची मालिका काढून टाकायची, उजवीकडच्या 'एडिट'मध्ये सालांचे सेल दाखवायचे, की झालं. याहून सोपं म्हणजे ग्राफ काढण्याआधी सालांच्या डोक्यावरचा 'वर्ष' हा शब्द पुसून तो सेल रिकामा ठेवायचा. एक्सेल काय ते समजून घेतं. हा उपाय मी ऑफिसात कोणालाही सांगितलेला नाही आणि निवृत्तीपर्यंत सांगायचा विचारही नाही.

सेल्सच्या एका मुलाची केस मात्र न्यारी होती. त्याच्या आडव्या अक्षावर २०१९च्या जागी ११ जुलै १९०५ आलं होतं, २०२०च्या जागी १२ जुलै आणि २०२१च्या जागी १३. म्हणजे करोनाची दोन वर्षं दोन दिवसांत आटोपली. त्याच १९०५च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली. तेव्हा आमची कंपनी सोडाच, मालकांचे वडीलही जन्मले नव्हते, पण आमची विक्री मात्र चालू! पोरगा घामाघूम. मी चष्मा पुसला. सालांच्या सेलना कोणीतरी तारखेचा फॉरमॅट देऊन ठेवला होता, बाकी काही नाही. एक्सेलच्या हिशेबी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवस, आणि २०१९वा दिवस येतो ११ जुलै १९०५ला.

येतो का पण? बोटांवर मोजायला बसलात तर १२ जुलै येईल. इथे मला थांबवू नका. लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट सुरू केली की शेजारचा माणूस मठ्ठ्याच्या वाटीत डोकं घालतो, म्हणून निदान कागदावर तरी सांगू द्या. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जाणारं वर्ष चारशेनेही भागलं गेलं तरच लीप. पण १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने ते लीप धरलं, आणि लोटसच्या फायली आपल्याकडे जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक समजूनउमजून उचलली. आता दुरुस्त करायची तर जगभरच्या शीटांतल्या तारखा एकेक दिवसाने सरकतील, म्हणून कोणी हात लावत नाही. एखाद्या सेलमध्ये ६० टाका आणि तारखेचा फॉरमॅट द्या. २९ फेब्रुवारी १९०० हजर! वारसुद्धा मिळतो, बुधवार. अधिक महिना पाळणाऱ्या आणि तिथीचा क्षय निमूट मान्य करणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे मला हा दिवस परका वाटत नाही. त्या दिवशी कोणी जन्मलं नाही, कोणाचा हप्ता थकला नाही, कोणी कोणाला "मॅडम, अर्जंट आहे" म्हटलं नाही. अख्ख्या कॅलेंडरात माझा सगळ्यात आवडता दिवस तो.

हे तारखांचं पुराण घरी उपयोगी पडलं ते आईच्या शुगरपायी. सातारला ती एका जुन्या डायरीत रीडिंग लिहिते. त्या पानांच्या फोटोंवरून दादाने न्यू जर्सीत बसून ग्राफ केला आणि 'शुगर किती छान स्टेबल आहे बघा' म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. आमच्या घरात ग्राफ, आणि तो मी काढलेला नाही! मी फाइल मागवली ती खोट काढायच्या इराद्यानेच.

निम्म्या तारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या, निम्म्या उजव्या. आईची ५/३ म्हणजे पाच मार्च. दादाच्या अमेरिकन लॅपटॉपने ती तीन मे धरली. १३/३चं त्याला काही करता येईना, कारण तेरावा महिना तिकडेही नाही. म्हणून ती नुसता मजकूर समजून सोडून दिली. दिसायला दोन्ही बरोबरच. या भेसळीमुळे एक्सेलने सगळ्या तारखा शब्दांसारख्या सारख्या अंतरावर मांडल्या, आणि रेघ गुळगुळीत झाली. मी तारखा नीट केल्या, अक्ष 'डेट अ‍ॅक्सिस' केला. मार्चचा तिसरा आठवडा ते एप्रिलचा मध्य, एकही बिंदू नाही. दादाच्या ग्राफवर ही दोन टोकं शेजारी शेजारी उभी होती.

फोन केला.

"स्ट्रिप्स संपल्या होत्या गं."

"मग सांगायचं नाही का?"

"तूच म्हणालीस ना, मार्च एन्ड आहे, महत्त्वाचं असेल तरच फोन कर."

"दादाला सांगायचं."

"त्याच्याकडे रात्र असते."

त्याच्याकडे काय सदा रात्रच असते? पण हे मी कोणत्या तोंडाने विचारणार होते? मी त्या वेळी काय करत होते ते मला पक्कं आठवतं. बारा विभागांचे बारा ग्राफ, प्रत्येकाच्या अक्षांना नावं, एकाच मापाच्या अक्षरांत.

स्ट्रिप्सच्या चार डब्या मागवल्या आणि दुरुस्त केलेला ग्राफ ग्रुपवर टाकला. दादाने अंगठा दिला. आईचा फोन आला.

"मधे महिनाभर मोजलंच नाही, तर तिथून रेघ कशी नेलीस?"

चष्मा पुसूनही याला उत्तर सापडेना. शेवटी मधल्या एका तारखेची, रीडिंग रिकामं ठेवलेली ओळ घालून रेघ तोडली आणि नवा ग्राफ पाठवला. आता बरोबर आहे म्हणाली. फक्त डाव्या बाजूला खालून वर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. वाचायला फोन आडवा केला की ते मेलं पुन्हा उभं होतं.